टायटन पाणबुडी: कार्बन फायबर आणि टायटॅनियममधल्या गोंदाची गोष्ट

28 जून 2023. कॅनडातल्या सेंट जॉन्स बंदरात होरायझन आर्क्टिक नावाचं जहाज लागलं आणि क्रेनने एकेक तुकडा धक्क्यावर उतरायला लागला. दहा दिवसांपूर्वी पाच माणसांना घेऊन टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेल्या टायटन पाणबुडीचे हे तुकडे होते. काही पांढऱ्या ताडपत्रीत गुंडाळलेले, काही उघडेच. त्यातला एक फोटो जगभर फिरला. टायटॅनियमचा भलामोठा घुमट, खिडकीच्या जागी गोल भोक आणि त्या भोकातून ओवलेला क्रेनचा पट्टा.

घुमट जवळपास होता तसाच होता. ज्या कार्बन फायबरच्या नळकांड्यात माणसं बसली होती, ते मात्र नळकांडं म्हणून शिल्लकच नव्हतं.

त्या दिवसांत सोशल मीडियावर मीम्सचा पूर आला होता. सगळ्यात जास्त जोक झाले ते व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर. एवढ्या खोल जाणारी पाणबुडी चालवायला हे असलं खेळणं? पण त्या कंट्रोलरचा या अपघाताशी काही संबंध नव्हता. अमेरिकेच्या नौदलातही पाणबुडीचा पेरिस्कोप फिरवायला असे कंट्रोलर वापरले जातात. खरी भानगड होती ती पाणबुडीच्या कवचात, आणि त्यातही अशा जागी जी कुठल्याच फोटोत नीट दिसत नाही. कार्बनचे थर जिथे एकमेकांना चिकटवले होते ती जागा, आणि जिथे कार्बन संपून टायटॅनियम सुरू होतं तो सांधा. तो सांधा वेल्डिंगचा नव्हता, बोल्टचाही नव्हता. तो गोंदाचा होता.

टायटन नेमकी बनली कशी होती?

खोल समुद्रात माणसं नेणाऱ्या बहुतेक पाणबुड्यांमध्ये माणसं बसतात ती जागा म्हणजे धातूचा जाड गोळा असतो. गोळाच का? कारण पाण्याचा दाब चहूबाजूंनी सारखा येतो आणि गोळा तो सगळीकडे सारखा वाटून घेतो. पण गोळ्यात दोन-तीन माणसं कशीबशी मावतात, आणि तो वजनदार असतो. त्याला परत वर आणायला तरंगणाऱ्या फोमचे ठोकळे लावावे लागतात. मग पाणबुडी मोठी, तिला उचलणारी क्रेन मोठी, जहाज मोठं, आणि खर्च तर विचारूच नका.

ओशनगेट या अमेरिकन कंपनीचा मालक स्टॉक्टन रश याला पर्यटक न्यायचे होते, माणशी अडीच लाख डॉलर घेऊन. त्यासाठी त्याने गोळ्याऐवजी नळकांडं निवडलं. कार्बन फायबरचं, आतून 1.42 मीटर व्यासाचं, साधारण अडीच मीटर लांब आणि भिंत पाच इंच जाड. कार्बन फायबर हलकं असल्यामुळे फोमचा बराच ताप वाचला आणि आत पाच जण बसू शकले.

आता नळकांड्याची दोन्ही तोंडं बंद करायची तर टोपणं हवीत. त्यासाठी टायटॅनियमचे दोन अर्धगोल घुमट केले. पण घुमट थेट कार्बनला लावता येत नाही. म्हणून मध्ये टायटॅनियमचं एक जाड कडं आलं. या कड्याला गोल फिरलेली खाच होती. त्या खाचेत इपॉक्सी गोंद भरायचा आणि कार्बनच्या नळकांड्याची कड त्यात बसवायची. गोंद सुकला की कडं आणि नळकांडं कायमचं एक. दोन्ही टोकांना हेच. मग घुमट त्या कड्यांना लावायचे.

पुढचा घुमट बोल्टने बंद व्हायचा, तोही बाहेरून. म्हणजे आतल्या माणसाला स्वतःहून बाहेर पडायची सोय नव्हती. खोल पाण्यात या बोल्टना तसं फारसं काम नसतं. दाबच घुमटाला आत इतकं रेटून धरतो की तो हलूच शकत नाही. बोल्ट कामाला येतात ते पृष्ठभागावर, लाटांमध्ये.

किती रेटून धरतो? टायटॅनिक आहे सुमारे 3,800 मीटर खोल. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास 390 किलोचा भार असतो, म्हणजे चार क्विंटलला थोडं कमी. टायटनच्या एका घुमटाचा आकार धरून हिशेब केला तर तो नळकांड्याला साधारण साडेआठ हजार टनांनी आत ढकलत होता. कोळशाने भरलेल्या जवळपास दोन मालगाड्यांचं हे वजन. समोरून तेवढं, मागून तेवढं, आणि हे सगळं दोन्ही बाजूंच्या गोंदाच्या सांध्यांतून पलीकडे जात होतं.

ओढताना मजबूत, ढकलताना?

कार्बन फायबर म्हणजे केसापेक्षा बारीक धाग्यांचं, चिकट रेझिनमध्ये बसवलेलं कापडच. विमानात ते भरपूर वापरतात. बोइंग 787 च्या वजनातला निम्मा भाग अशाच मिश्र पदार्थांचा आहे. मग विमानात चालतं ते पाणबुडीत का नाही, असा प्रश्न रास्त आहे.

दोरी आठवा. दोरीने गाडी ओढता येते. तीच दोरी धरून गाडी ढकलायला गेलात तर दोरी दुमडते. कार्बनचा धागा तसाच आहे, ताणाला जबरदस्त. विमानात हवेचा दाब आतून बाहेर असतो, म्हणजे भिंत फुगायला बघते आणि धागे ताणले जातात. पाणबुडीत उलट. दाब बाहेरून आत, म्हणजे धागे दाबले जातात. त्यांना दुमडू न देण्याचं काम रेझिनचं. रेझिनमध्ये कुठे पोकळी राहिली, कुठे थराला सुरकुती पडली, तर त्या जागी धाग्याला आधार नाही. शिवाय विमान आपल्या आतला दाब सांभाळतं तो वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी. टायटनवर वातावरणाच्या पावणेचारशे पट दाब होता.

याचा अर्थ कार्बन दाब घेऊच शकत नाही असा नाही. घेतं, पण ते किती काळ घेईल हे सांगणं अवघड. पोलाद किंवा टायटॅनियम शंभर वर्षांत अभ्यासलेले धातू आहेत. ते वाकतात, ताणतात, तडा वाढताना काही नियम पाळतात. कार्बनचं प्लायवूडसारखं आहे. वरून गुळगुळीत, आत थर सुटत गेलेले, आणि तुम्हाला कळतं तेव्हा पापुद्रे हातात आलेले असतात.

धातू म्हणून टायटॅनियमच का, याचंही कारण आहे. कार्बन वीज वाहून नेतं. खारट पाण्यात कार्बनला ॲल्युमिनियम किंवा साधं पोलाद टेकलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि धातू खाल्ला जातो. टायटॅनियमला हा त्रास जवळपास होत नाही. म्हणून बोइंग 787 मध्येही कार्बनच्या शेजारी बऱ्याच ठिकाणी टायटॅनियम दिसतं. म्हणजे गंजाच्या बाजूने जोडी बरोबर होती. जोडीतलं भांडण दुसरंच होतं.

लोहाराला जे माहीत असतं

दोन वेगळ्या वस्तू जोडणं ही काही नवी गोष्ट नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात ती आठवा. धाव चाकापेक्षा किंचित लहानच करतात. ती भट्टीत लाल होईस्तोवर तापवली की मोठी होते. मग ती चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. गार होताना धाव आकसते आणि चाकाला असं आवळते की ना खिळा लागतो, ना गोंद. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक बारीक झालं की हीच धाव सैल होते, म्हणून चाक पाण्यात भिजत घालायचं. लोखंड उष्णतेने बदलतं, लाकूड ओलीने बदलतं. लोहार या फरकाशी भांडत बसत नाही, तो फरकच कामाला लावतो.

टायटनमध्ये हा फरक गोंदाने निस्तरायचा होता.

टायटॅनियम सगळ्या दिशांनी सारखं वागतं. कार्बन फायबर लाकडासारखं आहे, धाग्याच्या दिशेने एक वागणूक, आडव्या दिशेने दुसरी. खोल पाण्यात नळकांडं सगळीकडून आवळलं जातं आणि त्याचा व्यास थोडा कमी होतो, साधारण मिलिमीटरांच्या हिशेबात. कड्याचं मात्र वेगळं. ते भरीव, जाड, मागे घुमटाचा आधार असलेलं. ते नळकांड्याइतकं आणि नळकांड्यासारखं आकसत नाही. रबरी पाइपचं टोक नळाला क्लॅम्पने आवळा आणि पाइप दाबा. पाइप वाकतो तो बरोबर क्लॅम्पच्या शेजारी. टायटनच्या भिंतीला तसाच वाक दोन्ही टोकांपाशी मिळत होता, म्हणजे नेमका गोंदाच्या जवळ.

यावर एक युक्तिवाद होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. जितकं खोल जाल तितका दाब कड्याला नळकांड्यावर घट्ट बसवतो, मग गोंद निघेल कसा? समोरून येणाऱ्या रेट्यापुरतं हे बरोबर. पण दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून एक हात जरा सरकवून बघा. दाब आहेच, तरी कातडी ओढली जाते. गोंदाला हे सरकणं मारतं. इपॉक्सी टायटॅनियमपेक्षा कितीतरी मऊ असतं, पण रबरासारखं हवं तेवढं ताणतही नाही.

त्यात तापमान. कारखान्यात वीस अंशांना चिकटवलेला सांधा समुद्राच्या तळाशी दोन-तीन अंशांवर जातो. कड्याच्या मापाचं टायटॅनियम एवढ्या फरकाने पाव मिलिमीटरच्या आसपास आकसतं. कार्बन धाग्याच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. काचेच्या बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्याखाली धरलं की सैल होतं, ते याच कारणाने. धातू जास्त हलतो, काच कमी. बरणीच्या बाबतीत आपण खूश होतो, कारण आपल्याला ती उघडायचीच असते.

पाव मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण हे एकदा होत नाही. प्रत्येक बुडीला होतं, खाली जाताना आणि वर येताना. तार एकदा वाकवून तुटत नाही, मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते.

गोंद आतून दिसत नाही

घरी दोन ट्यूबमधला इपॉक्सी कालवून कपाचा कान चिकटवला असेल त्याला एवढं माहीत आहे की पाकिटावर 'जागा स्वच्छ व कोरडी करा' असं लिहिलेलं असतं, आणि आपण ते घाईत करत नाही. मग आठवड्याने कान हातात येतो. विमान उद्योगात ही एक ओळ म्हणजे आख्खं शास्त्र आहे. टायटॅनियम उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. गोंद चिकटतो तो धातूला नाही, त्या थराला. थर कच्चा असेल, किंवा बोटाचं तेल लागलं असेल, तर सांधा पहिल्या दिवशी उत्तम दिसतो आणि नंतर दगा देतो. म्हणून पृष्ठभाग खरवडणं, रसायनाने धुणं, प्रायमर, हवेतली ओल, गोंदाच्या थराची जाडी, सगळं मोजून-मापून करतात.

ओशनगेटने कडं चिकटवतानाचा व्हिडिओ स्वतःच प्रसिद्ध केला होता. त्यात माणसं कड्यात घट्ट पेस्टसारखा गोंद पसरताना आणि मग दोन्ही भाग जुळवताना दिसतात. अपघातानंतर तो लाखो लोकांनी पाहिला आणि अनेक इंजिनियरांनी डोक्याला हात लावला.

खरी पंचाईत पुढे आहे. सांधा झाल्यावर तो चांगला झालाय की नाही हे तपासायचं कसं? पोकळी किंवा बुडबुडा असेल तर अल्ट्रासाउंडने सापडू शकतो. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेत आणि चिकटलेले मात्र नाहीत, असं असेल तर यंत्रालाही तो सांधा ठणठणीत वाटतो. त्यामुळे विमानाच्या महत्त्वाच्या सांध्यांत नुसत्या गोंदावर सहसा विसंबत नाहीत, सोबत बोल्ट किंवा रिव्हेट देतात. एक सुटला तर दुसरा धरेल. पाणबुडीत तीही सोय अवघड. पाच इंची कार्बनच्या भिंतीत भोकं पाडायची म्हणजे धागे कापायचे आणि पाण्याला वाट करून द्यायची.

मग उरतो एकच मार्ग. तसेच सांधे आणखी बनवा, त्यांना दाबाच्या टाकीत शेकडो वेळा खाली-वर न्या आणि फुटेपर्यंत चालवा. कितव्या फेरीला फुटतात ते बघा आणि त्याच्या कितीतरी अलीकडे खऱ्या पाणबुडीला निवृत्त करा. हे खर्चाचं काम आहे. टायटनच्या छोट्या प्रतिकृती वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दाबटाकीत तपासल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या काही फुटल्याही होत्या. पण माणसं बसवण्याआधी पूर्ण आकाराचं कवच अशा फेऱ्यांतून काढून त्याचं आयुष्य ठरवलं गेलं नाही. कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्रही टायटनकडे नव्हतं.

दोन कवचं, एकच कडी

टायटनला एक नाही, दोन कवचं झाली, हे अनेकांना माहीत नसतं. पहिलं कवच 2017 मध्ये बनलं. डिसेंबर 2018 मध्ये रश स्वतः एकटा त्यातून बहामाजवळ 3,939 मीटर खोल जाऊन आला. एप्रिल 2019 मध्ये चौघे गेले, आणि त्यातल्या कार्ल स्टॅन्ली या अनुभवी पाणबुडी चालकाने कवचातून येणाऱ्या तडतड आवाजाबद्दल रशला नंतर लेखी इशारा दिला. त्याच वर्षी कवचाला आतून तडा सापडला. ते बाद झालं.

दुसऱ्या कवचासाठी पद्धत बदलली. पाच इंचाची भिंत एकदम न करता एकेक इंचाचे पाच थर, एक भट्टीत पक्का करायचा, वरच्या सुरकुत्या घासून सपाट करायच्या, मग त्यावर पुढचा चिकटवायचा. सुरकुत्या घासणं म्हणजे तिथले धागे कापणं. आणि पाच थर म्हणजे मध्ये चिकटवलेल्या चार जागा. धातू-कार्बनच्या सांध्याची जी काळजी होती तीच आता भिंतीच्या पोटातही आली. टायटॅनियमची कडी आणि घुमट मात्र पहिल्याच कवचावरून काढून, साफ करून पुन्हा वापरले.

2021 आणि 2022 मध्ये टायटन तेरा वेळा टायटॅनिकपर्यंत गेली. रशला ते पुराव्यासारखं वाटत होतं. कार्बन फायबर आणि टायटॅनियम एकत्र वापरू नये असा नियम आहे आणि आपण तो मोडला, असं तो मुलाखतीत हसत सांगायचा. खरं तर असा छापील नियम कुठे नव्हता. होतं ते इतकंच, की माणसं नेणाऱ्या खोल पाण्यातल्या पाणबुडीला अशा कवचावर प्रमाणपत्र द्यायला कुणी तयार नव्हतं. ओशनगेटच्या सागरी कामकाजाचा प्रमुख डेव्हिड लॉक्रिज याने जानेवारी 2018 मध्ये कवचाच्या तपासणीचा आग्रह धरणारा अहवाल दिला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. मार्च 2018 मध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त लोकांनी रशला पत्र लिहिलं. हेही वाया गेलं.

कवचावर आवाज टिपणारे आणि ताण मोजणारे सेन्सर होते. धागे तुटायला लागले की आवाज येईल, आवाज आला की वर यायचं, अशी कल्पना. 15 जुलै 2022 ला 80 व्या बुडीवरून वर येताना आतल्या लोकांनी मोठा धमाका ऐकला. फ्रेम जागेवर बसली असेल, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. पण सेन्सरचे आकडे त्या दिवसानंतर वेगळे झाले होते. त्याच दाबाला कवच आता आधीसारखं आकसत नव्हतं. अपघातानंतर तपास करणाऱ्यांना ते आकडे वाचता आले. अपघाताआधीही ते तिथेच होते. घंटा वाजली होती, कुणी दार उघडलं नाही.

त्यानंतरचा हिवाळा टायटनने सेंट जॉन्समध्ये उघड्यावर काढला. तिथे पारा शून्याखाली जातो, वर येतो, परत खाली जातो. बारीक भेगेत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि भेग रुंद करतं. कडं, गोंद आणि कार्बन या तिघांचं आकसणं-फुगणं वेगळं, हे वर आलंच आहे.

18 जून 2023 ची बुडी 88 वी होती. आत रश, फ्रेंच पाणबुडी चालक पॉल-आंरी नार्जोले, ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद आणि त्यांचा 19 वर्षांचा मुलगा सुलेमान. सकाळी 10 वाजून 47 मिनिटांनी, 3,346 मीटरवरून, दोन वजनं सोडल्याचा मेसेज वर आला. काही सेकंदांत सगळं संपलं. पाणबुडी बुडाली असं म्हणतात, पण ती बुडाली नाही, चिरडली गेली. आतल्यांना कळायलाही वेळ मिळाला नसणार.

आधी काय सुटलं?

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा अहवाल 5 ऑगस्ट 2025 ला आला, तीनशेहून जास्त पानांचा. त्यांच्या मते सुरुवात पुढच्या टोकाला झाली. एक तर पुढच्या घुमटाकडच्या टायटॅनियमच्या कड्याचा गोंदाचा सांधा गेला, नाहीतर त्याच्या जवळचं कार्बन. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाने कार्बनच्या थरांवर जास्त बोट ठेवलं. कवच मुळातच सदोष बनलं होतं, 80 व्या बुडीनंतर थर सुटलेले होते, नुकसान वाढत गेलं आणि शेवटी भिंत एका जागी दुमडून कोसळली. समुद्रतळावर सापडलेल्या भिंतीच्या तुकड्यांचे थर वेगवेगळे झाले होते, तेही मुख्यतः जिथे एक-एक इंचाचे थर चिकटवले होते तिथेच.

सांधा आधी की भिंत आधी, हा वाद वाटतो तेवढा मोठा नाही. भिंत दुमडली ती टोकाजवळ, जिथे कडं तिला मोकळेपणाने आकसू देत नव्हतं. आणि थर सुटलेली भिंत कड्याच्या गोंदावर वेगळाच ताण टाकणार. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर निघतं.

मग हे कधीच जमणार नाही का?

जमलेलं आहे. अमेरिकेच्या नौदलाने 1980 च्या दशकात एयूएसएस नावाचं शोधयान बनवलं. कार्बन फायबरचं नळकांडं, टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल, क्षमता सुमारे 6,000 मीटर. कल्पना तीच, म्हणजे रश म्हणायचा तितकी नवी नव्हती. फरक एवढाच की त्यात माणूस बसत नव्हता. यंत्र फुटलं तर पैसे जातात.

माणूस बसणार असेल तर आजही दोन पदार्थांचा सांधा शक्यतो टाळतात. खिडकीपाशी तो टाळता येत नाही, कारण धातूतून दिसत नाही. तिथे ॲक्रिलिकचा निमुळता, शंकूसारखा जाड ठोकळा धातूच्या तशाच निमुळत्या खाचेत ठेवतात, अरुंद बाजू आत. त्याची ताकद गोंदावर अवलंबून नसते. दाब वाढला की तो आपणच आणखी घट्ट बसतो, आणि किंचित सरकायची मोकळीक त्याला मुद्दाम दिलेली असते. बैलगाडीच्या धावेसारखंच हे.

भारताची मत्स्य 6000 याच वाटेने चालली आहे. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था ही पाणबुडी बनवते आहे, तीन माणसांना 6,000 मीटर खोल न्यायला. तिचा गोळा टायटॅनियम मिश्रधातूचा, 2.1 मीटर व्यासाचा, भिंत 80 मिलिमीटर. दोन अर्धगोल जोडायचं काम इस्रोने इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगने केलं. ही वेल्डिंग निर्वात जागेत होते आणि धातू धातूतच वितळून मिसळतो. मध्ये तिसरं काही येत नाही. असा सांधा नंतर अल्ट्रासाउंड आणि एक्स-रेने तपासता येतो, आणि तो वेळेबरोबर कसा वागेल याचे आकडे हाताशी असतात.

या मोहिमेच्या तयारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये दोन भारतीय अटलांटिक महासागरात उतरले, एक 4,025 मीटरपर्यंत आणि दुसरा 5,002 मीटरपर्यंत. ते गेले ते फ्रान्सच्या नॉटील या पाणबुडीतून. नॉटील 1984 ची आहे, गोळा टायटॅनियमचा. टायटनमध्ये गेलेले नार्जोले 1987 मध्ये पहिल्यांदा टायटॅनिकवर गेले ते याच नॉटीलमधून.